दोघांच्या म्हातारपणाचा हिशेब

हिंगोली हें गांव एके काळीं हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीमुळें ओळखलें जाई. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली व छावणी उठली. छावणीच्या आंत जो शिपाई म्हातारा होई त्यास पेन्शनची कांहीं तरी आशा असे. छावणीच्या बाहेर, कोसाभरावर, जो शेतकरी म्हातारा होई त्याचें पेन्शन म्हणजे त्याची जमीन आणि त्याचे मुलगे. हा भेद आजहि पुष्कळ अंशीं टिकून आहे. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगांव व औंढा नागनाथ असे पांच तालुके असून शेंकडा ऐंशींहून अधिक लोक खेड्यांत राहतात. एकाच घरांतला थोरला भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेंतून निवृत्त झालेला, मधला एस. टी. चा चालक, आणि धाकटा हळद व सोयाबीन पिकविणारा, हें दृश्य येथें नित्याचें आहे. तिघांचें रक्त एक. परंतु तिघांचें म्हातारपण तीन निराळ्या कायद्यांखालीं जातें.

तिन्ही म्हातारपणांत एक गोष्ट मात्र समान आहे, आणि हिशेब करतांना नेमकी तीच विसरली जाते. शाल, श्रीफळ व हार देऊन निवृत्तीच्या दिवशीं ज्याचा सत्कार होतो तो एकटा असतो. पुढचें आयुष्य मात्र दोघांचें असतें. महाराष्ट्रांत पत्नी पतीहून चार-सहा वर्षांनीं लहान असण्याची चाल आहे, आणि स्त्रियांचें आयुर्मान पुरुषांपेक्षां सरासरीनें अधिक आहे. या दोन गोष्टींची बेरीज केली म्हणजे असें दिसतें कीं, पुष्कळ घरांत शेवटचीं कित्येक वर्षें एकट्या बाईचीं असतात. म्हणून ‘यांना किती मिळेल ?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘यांच्या मागें तिच्या हातांत काय पडेल, आणि तिचें औषधपाणी कशांतून होईल ?’ हा प्रश्न घालावयास हवा. शहरांत नोकरी करणाऱ्या ज्या मुलामुलींचे आईवडील गांवीं आहेत, त्यांनीं तर तो आधीं घालावा.

थोरल्या भावाचें प्रकरण त्यांतल्या त्यांत सोपें आहे. जो १ नोव्हेंबर २००५ च्या पूर्वीं राज्य सरकारच्या अगर जिल्हा परिषदेच्या नोकरींत लागला, त्यास १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांच्या धर्तीवर, पुरी सेवा झाली असल्यास, शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्में निवृत्तिवेतन मिळतें. समजा, तें वेतन ६०,००० रुपये होतें. तर पेन्शन ३०,०००, व त्यावर महागाईवाढ वेगळी. यांतील शेंकडा चाळीसपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसा घेतां येतो. सरकारी भाषेंत यास अंशराशीकरण म्हणतात. पुष्कळजण तो घेतात आणि त्यांतून घर बांधतात किंवा मुलीचें लग्न उरकतात. घेण्यास हरकत नाहीं. मात्र त्यानंतर पंधरा वर्षें दरमहा १२,००० रुपये कमी येतात व मगच पेन्शन पूर्ववत् होतें, एवढें ध्यानांत ठेवून घ्यावा. महागाईवाढ या काळांतहि मूळ ३०,००० वरच मोजली जाते, ही गोष्ट खुद्द पेन्शनरांपैकीं कित्येकांस ठाऊक नसते.

पतीच्या मृत्यूनंतर पत्नीस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतें तें सामान्यतः शेवटच्या वेतनाच्या शेंकडा तीस; म्हणजे वरील उदाहरणांत १८,०००. निवृत्तीनंतर लवकर मृत्यु ओढवल्यास कांहीं मर्यादित काळ तें वाढीव दरानें मिळतें. पतीनें पेन्शनचा भाग विकला असला तरी त्याची झळ पत्नीच्या रकमेस लागत नाहीं, आणि महागाईवाढ तिच्याहि रकमेवर असते. तिसांचे अठरा झाले. परंतु घराचा खर्च कांहीं त्या प्रमाणांत उतरत नाहीं. दिवा तोच, घरपट्टी तीच, आणि औषधें बहुधा वाढलेलीं. तरीहि खेड्यांतील बहुतेक वृद्ध स्त्रियांच्या मानानें ही बाई सुस्थितींतच म्हणावी लागेल. तिची खरी अडचण पैशाची नसून कागदाची असते.

ही कागदाची अडचण हास्यास्पद वाटेल, पण ती क्षुल्लक नाहीं. माहेरचें नांव एक, लग्नांत ठेवलेलें नांव दुसरें, आणि घरांत सर्वजण हांक मारतात तें तिसरें. पेन्शनच्या आदेशांत पतीनें एक नांव लिहिलेलें असतें, आधारपत्रावर दुसरें छापून आलेलें असतें, बँकेच्या पुस्तकांत आडनांवच गाळलेलें असतें. वयाची कथा तशीच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, दफ्तर उर्दूंत चाले, आणि मुलीच्या जन्माची नोंद करून ठेवावी असें त्या काळीं फारसें कोणास वाटत नसे. पुढेंहि बराच काळ ही स्थिति पालटली नाहीं. आधारपत्रें निघालीं तेव्हां अशा कित्येक वृद्धांची जन्मतारीख अंदाजानें १ जानेवारी अशी लिहिली गेली. पति हयात आहे तोंवर त्याच्या एका सहीनें व एका प्रतिज्ञापत्रानें जो घोळ निस्तरतो, तोच त्याच्या पश्चात् बिचाऱ्या विधवेस तहसील, बँक आणि हिंगोलीचें कोषागार अशा फेऱ्या घालावयास लावतो. तेव्हां पेन्शनच्या आदेशाची प्रत, पत्नीचें आधारपत्र व दोघांच्या नांवाचें बँकेचें पुस्तक हीं तीन एकदां शेजारीं शेजारीं ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. अर्ध्या तासाचें काम आहे.

त्याच शाळेंत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाची गोष्ट निराळी. त्याच्यासाठीं ठराविक पेन्शनची हमी गेली आणि पगारांतून कापलेल्या वर्गणींत सरकारनें भर घालून सांठविलेला निधि आला. निवृत्तीच्या वेळीं या निधीपैकीं शेंकडा साठपर्यंत रक्कम हातीं घेतां येते. निदान शेंकडा चाळीस विमाकंपनीस देऊन तिच्याकडून दरमहाची वार्षिकी विकत घ्यावी लागते. ही पद्धति नोकरवर्गास रुचली नाहीं. जुन्या पेन्शनसाठीं मार्च २०२३ मध्यें राज्यभर संप झाला. पुढें केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२४ मध्यें एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली व ती १ एप्रिल २०२५ पासून अमलांत आणली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेंहि ऑगस्ट २०२४ मध्येंच तिचा स्वीकार केला. केंद्राच्या योजनेंत पंचवीस वर्षें सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे, दहा वर्षांच्या सेवेस किमान १०,००० रुपये आहेत, आणि मागें राहिलेल्या पतीस अगर पत्नीस पेन्शनच्या शेंकडा साठ. येथें एक गंमत पाहण्यासारखी आहे. निम्म्याचे शेंकडा साठ म्हणजे पुन्हा मूळ वेतनाचे शेंकडा तीसच. जुन्या व्यवस्थेंत विधवेस जें मिळे, तेंच नव्या शब्दांत परत आलें.

ज्यास विमाकंपनीची वार्षिकीच घ्यावयाची आहे त्यानें सही करण्यापूर्वीं थोडें थांबावें. वार्षिकीचे अनेक प्रकार असतात. त्याच पैशांत दरमहा सर्वांत मोठा आंकडा देणारा प्रकार बहुधा तो असतो जो पेन्शनरच्या हयातीपुरता चालतो व त्याच्या शेवटच्या श्वासाबरोबर बंद पडतो. दोघांपैकीं एकजण हयात असेतों चालणाऱ्या वार्षिकीचा आंकडा लहान दिसतो. मूळ भांडवल वारसांस परत करणाऱ्या वार्षिकीचा आणखी लहान. नऊ हजार आणि आठ हजार हे दोन आंकडे समोर ठेवले कीं हात सहजच नऊ हजारांकडे जातो. तो हजार रुपयांचा फरक कोणाच्या ताटांतून काढलेला आहे, हें त्या कागदावर कोठेंच लिहिलेलें नसतें.

आतां मधला भाऊ. एस. टी. महामंडळाचा चालक, वाहक, किंवा वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणचा कायम कामगार, यांस सरकारी पेन्शन नाहीं. त्यांचें म्हातारपण १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालीं जातें. मालकाच्या वर्गणीपैकीं वेतनाच्या शेंकडा ८.३३ एवढा भाग या योजनेंत जमा होतो. परंतु हें वेतन धरतांना मर्यादा आहे, आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून ती १५,००० रुपयांची आहे. म्हणजे पगार कितीहि असो, सामान्यतः महिन्यास साडेबाराशेंच्या वर रक्कम पेन्शनच्या पेटींत पडत नाहीं. पेन्शन काढण्याची रीत अशी कीं, मर्यादेंतलें वेतन गुणिलें सेवेचीं वर्षें, भागिलें सत्तर. पंधरा हजारांचें पुरें वेतन आणि तीस वर्षांची सेवा धरली तरी आंकडा सात हजारांच्या अलीकडेच थांबतो. २०१४ च्या पूर्वींची मर्यादा तर साडेसहा हजारांचीच होती. त्या वर्षांचा हिशेब तिच्याप्रमाणें होत असल्यामुळें प्रत्यक्ष मिळणारी रक्कम पुष्कळांच्या बाबतींत याहून फारच कमी असते. विधवेस याच्या निम्में.

किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये असावें असें २०१४ सालीं ठरलें, आणि २०२५ साल संपलें तरी तो हजार हजारच होता. या पेन्शनवर महागाईवाढ नाहीं. भाव दरसाल शेंकडा सहानें चढत गेले तर बारा वर्षांत दुप्पट होतात. तेव्हां २०१४ च्या हजारांत जें येई त्याच्या निम्म्याच्या आसपासच आतां येतें. यास पेन्शन म्हणावें कीं चहापाण्याचा खर्च, हा प्रश्न पेन्शनरांच्या सभांतून वारंवार विचारला जातो व तो अवाजवी नाहीं. म्हणून मधल्या भावाच्या घरांत खरा आधार पेन्शनचा नसून भविष्यनिर्वाह निधि व उपदान यांच्या एकरकमी पैशाचा असतो. हा पैसा ज्या महिन्यांत हातीं येतो त्याच महिन्यांत घरांतल्या सर्वांच्या अडचणी जाग्या होतात. कोणास टेंपो घ्यावयाचा असतो, कोणास दुकान. बापाचें मन मोडत नाहीं. मग फंड मोडतो.

त्या पैशाचें काय करावें याचें एक साधें उत्तर पोस्टांत आहे. २००४ पासून चालू असलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत साठी उलटलेल्या कोणासहि पैसे ठेवतां येतात. निवृत्ति लवकर झाली असल्यास कांहीं अटींवर त्यापूर्वींहि. २०२३ पासून मर्यादा तीस लाखांची आहे, मुदत पांच वर्षांची, आणि व्याज दर तीन महिन्यांनीं खात्यांत पडतें. २०२५ सालीं दर शेंकडा ८.२ होता, त्या दरानें दहा लाखांवर दर तिमाहीस २०,५०० रुपये येत. दर सरकार वेळोवेळीं ठरवीत असतें, परंतु ज्या दरानें पैसे ठेवले तो मुदत संपेतों बदलत नाहीं. पत्नीस साठ पुरीं झालीं असल्यास कांहीं रक्कम तिच्या स्वतंत्र खात्यांत ठेवावी. नामनिर्देशनाच्या जोरावर मागाहून पैसा मिळणें आणि आपल्या खात्यांतला पैसा आपल्या सहीनें काढणें, या दोहोंत फार अंतर आहे.

धाकट्या भावाकडे वळलें म्हणजे हिशेबाची वहीच बदलते. शेतकऱ्यास मालक नाहीं, म्हणून वर्गणी भरणाराहि नाहीं. त्याच्यासाठीं सरकारनें ज्या वर्गणीच्या योजना काढल्या त्या अठरा ते चाळीस वयापर्यंतच्या माणसासाठीं आहेत. म्हणजे त्या बापाच्या उपयोगाच्या नसून मुलाच्या उपयोगाच्या. २०१९ सालच्या प्रधानमंत्री किसान मानधन योजनेंत दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरतो, तेवढेच केंद्र सरकार घालतें, आणि साठाव्या वर्षापासून दरमहा ३,००० मिळतात. मागें पत्नीस १,५००. २०१५ सालची अटल पेन्शन योजना कोणासहि खुली आहे, मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणारास तींत नव्यानें जातां येत नाहीं. पांच हजारांच्या पेन्शनसाठीं अठराव्या वर्षीं आरंभ करणारा दरमहा २१० रुपये भरतो व चाळिसाव्या वर्षीं आरंभ करणारा १,४५४. हिचा विशेष असा कीं पतीच्या मागें पत्नीस तेवढीच रक्कम हयातभर मिळते, आणि तिच्या मागें सांठलेला निधि वारसाकडे जातो. विधवेचा विचार पुरा केलेली अशी योजना क्वचितच आढळते. तरी पण आज पंचवीस वर्षांचा असलेला तरुण साठीला पोंचेल तेव्हां, भाव दरसाल शेंकडा सहानें चढल्यास, त्या पांच हजारांत आजच्या साडेसहाशें रुपयांचा माल येईल. वर्गणी भरावी, पण तेवढ्यावर विसंबून राहूं नये.

जो आजच पासष्टीच्या पलीकडे आहे व ज्यास दुसरा आधार नाहीं, त्याच्यासाठीं राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें लागतें. रक्कम २०२३ पासून दरमहा १,५०० आहे. दारिद्र्यरेषेखालील यादींत नांव असल्यास त्यांतील दोनशें, व ऐंशीं वर्षांनंतर पांचशें, केंद्राचे असतात; घेणारास मात्र एकूण तेवढेच. पासष्ट पुरीं न झालेल्या निराधार विधवेसाठीं १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. अर्ज तहसील कचेरींत द्यावयाचा. येथेंहि दोघांचा प्रश्न येतोच: पतीचें अनुदान त्याच्याबरोबर थांबतें, तें पत्नीकडे आपोआप जात नाहीं. पात्र असल्यास तिनें आपला अर्ज स्वतंत्र करावा, आणि तोहि पति हयात असतांनाच. उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल मात्र स्पष्ट बोलावयास हवें. वर्षास एकवीस हजार म्हणजे महिन्यास साडेसतराशें. एवढ्यांत जें कुटुंब खरोखर राहतें त्याची दैना इतकी असते कीं त्यास दाखल्यासाठीं खेटे घालणेंच परवडत नाहीं.

परंतु शेतकऱ्याच्या म्हातारपणाचा खरा प्रश्न योजनांचा नाहीं. तो सातबाऱ्याचा आहे. साठी-पासष्टी आली कीं बाप जमीन मुलांच्या नांवें करून मोकळा होतो. मुलें तीन असलीं तर जमिनीचे तीन भाग पडतात, आणि मग आईबापांच्या पाळ्या लागतात: चार महिने एकाकडे, चार दुसऱ्याकडे. कांहीं घरांत तर आई एकाच्या वांट्यास व बाप दुसऱ्याच्या, अशीहि विभागणी होते. पन्नास वर्षें एका चुलीवर जेवलेलीं दोघें अशा रीतीनें सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर वेगळीं होतात. जुन्या काळीं बाईच्या चोळीबांगडीसाठीं म्हणून एखादा तुकडा राखून ठेवीत. ती रीत शहाणपणाची होती. कायदाहि पुष्कळांच्या समजुतीपेक्षां बाईस अधिक अनुकूल आहे. महाराष्ट्रांत चालणाऱ्या हिंदु कायद्याप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतीची वांटणी बापलेकांत झाली, तर पत्नीस मुलाएवढा वांटा मिळण्याचा अधिकार आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवा ही मुलामुलींच्या बरोबरीची पहिल्या वर्गांतली वारस ठरली. पतीच्या हयातींतच पत्नीचें नांव सातबाऱ्यावर यावें म्हणून १९९२ सालीं राज्य सरकारनें लक्ष्मीमुक्ति योजना काढली. ती शेतकऱ्यानें तलाठ्याकडे अर्ज करण्यावर अवलंबून आहे. सक्ति नाहीं, आणि म्हणून तिचा लाभ जेथें मन मोठें आहे तेथेंच होतो.

जमीन द्यावयाचीच असेल तर ती कशी द्यावी, याला महत्त्व आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ सालीं झाला. त्याच्या तेविसाव्या कलमांत असें आहे कीं, देणाराच्या मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकानें मिळकत बक्षीस दिली आणि घेणारानें ती अट मोडली, तर तो व्यवहार न्यायाधिकरणास रद्द ठरवितां येतो. येथें ‘अट’ हा शब्द कळीचा आहे. अशी अट होती हें दाखवावें लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें सांगितलें. जानेवारी २०२५ च्या एका निकालांत त्याच न्यायालयानें वृद्धांच्या बाजूनें उदार दृष्टि ठेवली. पण निकालांच्या भरंवशावर राहण्यापेक्षां बक्षीसपत्रांतच वाक्य घालावें कीं, देणार व त्याची पत्नी यांच्या हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांची जबाबदारी घेणाराची असून ती न पाळल्यास हें बक्षीस रद्द होईल. ‘व त्याची पत्नी’ हे शब्द राहून जातात. ते लेखकाकडून घालून घ्यावेत. न्यायाधिकरणाचें काम उपविभागीय अधिकारी पाहतो, म्हणजे लोकांच्या भाषेंत प्रांतसाहेब. निर्वाहाची रक्कम दरमहा दहा हजारांपर्यंत ठरवितां येते. खेड्यांतली आई मुलाविरुद्ध अर्ज करावयास सहसा तयार होत नाहीं, हें खरें. म्हणूनच तिच्यावर ती पाळी येऊं न देणारें एक वाक्य आधीं लिहिलेलें बरें.

तिन्ही भावांच्या घरांत जो पाहुणा न सांगतां येतो व मुक्काम ठोकतो तो आजार. या बाबतींत गेल्या कांहीं वर्षांत परिस्थिति खरोखर सुधारली आहे. हिंगोली हा शेतीच्या संकटानें गांजलेल्या चौदा जिल्ह्यांपैकीं एक असल्यामुळें येथील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांस राज्याच्या आरोग्य योजनेंत पूर्वींच जागा मिळाली होती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नांवानें चालणारी ती योजना जुलै २०२४ पासून राज्यांतील सर्व शिधापत्रिकाधारकांस लागू झाली असून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसह कुटुंबामागें वर्षास पांच लाखांपर्यंतचे उपचार तींत होतात. ऑक्टोबर २०२४ अखेर केंद्रानें सत्तरी उलटलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहतां, या संरक्षणाखालीं आणलें. सत्तरीचीं नवराबायको दोघेंहि असल्यास पांच लाखांची मर्यादा दोघांत मिळून आहे. वय आधारपत्रावरून ठरतें. म्हणजे अंदाजानें लिहिलेली ती जन्मतारीख येथें पुन्हा आडवी येते.

पण या योजना खाटेच्या आहेत, बाटलीच्या नाहींत. योजनेच्या यादींतला उपचार असेल व यादींतल्या रुग्णालयांत रोगी दाखल झाला असेल, तर खर्च भागतो; भरती होण्यापूर्वीं तेथील आरोग्यमित्रास गांठावें. रक्तदाब व मधुमेह यांच्या रोजच्या गोळ्या या हिशेबांत येत नाहींत. समजा, दोघांच्या औषधांस महिन्यास बाराशें रुपये लागतात. तर वर्षाचे चौदा हजार चारशें, आणि वीस वर्षांचे, भाव न चढतां, दोन लाख अठ्ठ्याऐंशीं हजार. एक मोठें ऑपरेशन योजनेंतून फुकट होतें आणि हें दुसरें, वीस वर्षें चालणारें, घरच्या पैशांतून. यावर दोनच उपाय संभवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून व प्राथमिक केंद्रांतून तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. तेथें मिळणारीं औषधें तेथूनच घ्यावीं. जीं तेथें नसतील तीं जनऔषधी केंद्रांतून, डॉक्टरांकडून औषधाचें मूळ नांव लिहून घेऊन, आणावीं. बाजारांतील ठराविक नांवाच्या औषधापेक्षां तीं फारच स्वस्त पडतात. खासगी आरोग्यविमा घ्यावयाचा असल्यास साठीच्या आधीं घ्यावा. एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर विमा नाकारण्याची मुभा देणारा जुना दंडक गेला आणि आधींच्या आजारासाठीं थांबण्याचा काळ जास्तींत जास्त तीन वर्षांवर आला. परंतु हप्ता वयाबरोबर चढतो तो चढतोच.

हिंगोलीस २०२४ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. अवघड दुखण्यासाठीं लोक अजूनहि नांदेडास, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, धांव घेतात. त्या फेऱ्यांचा खर्च कोणत्याच योजनेंत धरलेला नाहीं. मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस. टी. चा प्रवास राज्यांत मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्ध्या भाड्यांत, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्ध्या भाड्यांत. बरोबर जाणारी सून वा मुलगी निम्म्या तिकिटांत जाते, ही लहान गोष्ट नव्हे.

राहतां राहिला हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरांत पेन्शनरनें आपण जिवंत असल्याचें सिद्ध करावयाचें असतें. २०१४ पासून हें काम बोटांच्या ठशांवर यंत्रानें होऊं लागलें, आणि शहरांत तें सोयीचेंहि झालें. परंतु हळद शिजविण्यांत, कापूस वेंचण्यांत आणि निंदणींत जिचा जन्म गेला तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र तिला ओळखत नाहीं. पति होता तोंवर दाखल्याचें काम त्याचें होतें. कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाल्यावर तें तिचें होतें, आणि पहिल्याच नोव्हेंबरांत ती बँकेंतून तशीच परत येते. २०२१ पासून चेहरा दाखवून साध्या मोबाइलवर हा दाखला काढतां येतो. गांवीं दिवाळीस गेलेल्या नातवानें तो काढून दिला तरी चालतो. तें न जमल्यास पोस्टमन घरीं येऊन काढून देतो. त्याची थोडी फी पडते. बँकेंत जाऊन कागदावर सही अगर अंगठा करण्याची जुनी पद्धतहि चालू आहे.